प्रकल्प नोंदी: सहा तारा, चोवीस स्वर, ९६ बीपीएम

२ जून

काम ठरलं. बँडच्या नव्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर गिटारचा आठ बारचा (आवर्तनांचा) सोलो आहे. त्यातला सातवा बार रिकामा ठेवलाय. तिथे वरून खाली एका दमात उतरायचं. ए मायनर पेंटाटॉनिक (पाच स्वरांचं स्केल), पाचव्या फ्रेटवरचा (मानेवरच्या पाचव्या पट्टीवरचा) सगळ्यांना पाठ असलेला आकार, पातळ पहिल्या तारेपासून जाड सहाव्या तारेपर्यंत. प्रत्येक तारेवर पिक (नखी) एकदाच लावायचं, दुसरा स्वर पुल-ऑफने, म्हणजे दाबलेलं बोट तार ओढत सोडून, काढायचा.

लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको. पहिली तार ८-५ (आकडे फ्रेटचे), दुसरी ८-५, तिसरी ७-५. या सहा स्वरांचा एक बीट. मग एक तार मागे येऊन दुसरी, तिसरी, चौथी. मग तिसरी, चौथी, पाचवी. शेवटी चौथी, पाचवी, सहावी. चौथी-पाचवीवर ७-५, सहावीवर ८-५. चार बीट, चोवीस स्वर, बार भरला. आठव्या बारच्या पहिल्या बीटला तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा फुल बेंड, म्हणजे तार ताणून स्वर पूर्ण एक स्वर चढवायचा.

गाणं ९६ बीपीएमवर आहे, मिनिटाला ९६ बीट. म्हणजे एक बार अडीच सेकंदांचा आणि सेकंदाला साडेनऊच्या वर स्वर. यूट्यूबवरच्या पोरांच्या हिशेबात हा वेग काहीच नाही. पण ती पोरं भरपूर गेनवर, म्हणजे आवाज फाटेपर्यंत वाढवून वाजवतात, आणि माझ्या कानाला त्यातले निम्मे स्वर ऐकूच येत नाहीत. मला चोवीसच्या चोवीस हवेत.

मुदत जुलैअखेर. आमचा ड्रमर ढोल पथकात आहे. ऑगस्ट लागला की त्याच्या संध्याकाळी नदीकाठी सरावात जातात आणि गणपती होईपर्यंत तो आमचा राहत नाही.

४ जून

आज फक्त तपासणी. ॲम्प क्लीन (डिस्टॉर्शनशिवाय), रिव्हर्ब बंद, डिले बंद, ब्रिज पिकअप. ६० वर वाजवून ऑडॅसिटीत रेकॉर्ड केलं आणि वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून पाहिला.

चित्र सरळ आहे. एक उंच टेकाड, एक बुटकं, एक उंच, एक बुटकं. उंच ते पिकचे, बुटके पुल-ऑफचे. पहिल्या तारेवर फरक कमी, दुसरीवर जास्त, आणि चौथी-पाचवीवर पुल-ऑफचं टेकाड जवळपास सपाट. शिवाय दोन टेकाडांच्या मधली जागा रिकामी हवी तिथे केसाळ रेघ आहे. म्हणजे दुसरी कुठलीतरी तार वाजतेय.

मग तोच प्रकार डिस्टॉर्शन लावून केला. टेकाडं एका उंचीची झाली आणि केसाळ रेघही त्यांच्याबरोबर वर आली. डिस्टॉर्शन मोठा आवाज दाबतं आणि लहान आवाज वर आणतं. पुल-ऑफ लहान असेल तर तो वर येतो, घाण लहान असेल तर तीही येते. नॉइज गेट इथे कुचकामी. तो स्वर थांबल्यावर बंद होतो, आणि इथे थांबणं कुठे आहे!

म्हणून सगळा सराव क्लीनवर. डिस्टॉर्शन फक्त रविवारी, तोंडाला चव यावी म्हणून.

७ जून

पुल-ऑफ वाजवतं कोण, हा प्रश्न. वर वर पाहिलं तर अनामिका: आठव्यावर दाबलेली, जमिनीच्या दिशेने ओढून सोडली की तार छेडली जाते. पण आज ट्यूनर समोर ठेवून एकेकच काढलं, तेव्हा खरा धंदा कळला.

दुसरी तार, पाचवा फ्रेट, पिकने: काटा मध्यावर. तोच स्वर आठव्यावरून ओढून: काटा उजवीकडे झुकतो आणि मग हळूच मध्यावर येतो. कारण अनामिका तारेला ओढते तेव्हा तर्जनीखालची तारही तिच्याबरोबर खाली सरकते, एक छोटासा बेंड होतो आणि स्वर चढा लागतो. वेगात तो चढेपणा वेगळा कळत नाही, पण सगळी ओळ जराशी म्याँव करते. गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थला पुल-ऑफचा हाच आवाज नको असायचा. तो बोट बाजूला न ओढता सरळ वर उचलायचा आणि स्वर बोट आपटून काढायचा, कारण त्याला गिटारमध्ये सॅक्सोफोन हवा होता. त्याची बोटं आणि त्याचा गेन वेगळा. क्लीनवर मी सरळ उचललं तर काहीच ऐकू येत नाही.

तेव्हा उपाय तर्जनीत. अनामिका खाली ओढत असताना तर्जनीने तार जागेवर धरायची, किंचित छताच्या बाजूला रेटून. अंगठा मानेच्या मागे नको, वरून आलेला बरा, म्हणजे तळवा आणि तर्जनी मिळून मान चिमटीत पकडतात. तसं केल्यावर काटा हलायचा थांबला, आणि गंमत म्हणजे आवाजही वाढला. तार एका टोकाला घट्ट धरलेली असेल तरच दुसऱ्या बाजूने नीट छेडता येते, ती सरकत असेल तर ओढण्याची ताकद सरकण्यातच जाते.

आठवडाभर एवढंच. एक तार, दोन स्वर, ट्यूनर.

११ जून

तारांचा ९-४२ चा सेट आहे (सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), तोच ठेवतो. १०-४६ लावून पाहायचा मोह झाला होता. पहिली तार ९ ची असेल तर ई ला साधारण १३ पौंड ताण, १० ची असेल तर १६. जाड तार ओढताना कमी सरकते, म्हणजे परवाचा त्रास आपोआप कमी होईल. पण आठव्या बारमधला बेंडही जड होईल. आत्ता नको.

१५ जून

आता तारा बदलायच्या. आणि इथेच सगळं कोसळतं.

पाचव्या फ्रेटवर पहिली, दुसरी आणि तिसरी, तिन्ही तारांवर तर्जनीच हवी. सोपा मार्ग म्हणजे तर्जनी आडवी टाकून तिन्ही तारा एकदम दाबायच्या. तशा दाबल्या की ए, ई आणि सी तिन्ही एकत्र वाजत राहतात. ए मायनर कॉर्ड झाला, लिक (एकेका स्वराची ओळ) नाही. कॉर्ड वाईट नाही, पण मला तो मागितलेला नाही.

दुसरा मार्ग म्हणजे तर्जनी प्रत्येक तारेसाठी उचलून नव्याने ठेवणं. स्वच्छ वाजतं, पण ७० च्या पुढे हात तडफडायला लागतो.

तिसरा मार्ग लोटण्याचा. बोट तारांवरच राहतं, फक्त भार सरकतो. पहिल्या तारेचा स्वर बोटाच्या पहिल्या पेराच्या मऊ भागाने दाबलेला असतो. दुसरीवर जाताना बोट टोकाकडे लोटायचं, म्हणजे दुसरी तार टोकाखाली दाबली जाते आणि पहिलीवरचा दाब निघतो. दाब निघतो, स्पर्श राहतो. तो स्पर्श राहिला की पहिली तार मुकी होते. तिसरीसाठी मनगट जरा पुढे काढून टोक आणखी वर.

आणि इथे एक फुकटचा फायदा मिळतो, तो कोणी सांगत नाही. अनामिका दुसऱ्या तारेवरून खाली ओढली की ती पहिल्या तारेवर जाऊन आदळते. पहिली मोकळी असेल तर ती खणकन वाजते. माझ्या वेव्हफॉर्ममधली केसाळ रेघ बहुतेक हीच. पण तर्जनीचा मऊ भाग पहिलीवर टेकलेला असेल तर अनामिका आदळून फक्त ठक होतं, आणि ते ठक स्वराच्या सुरुवातीत मिसळून जातं. म्हणजे अनामिकेने बिनधास्त ओढावं, खाली तर्जनीने गादी अंथरलेली आहे. ही गादी नसेल तर बोट घाबरून कमी ओढतं आणि पुल-ऑफ बुटका राहतो. ४ तारखेची दोन्ही दुखणी एकाच ठिकाणची निघाली.

पहिल्या तारेचा मामला निराळा. तिच्या खाली तारच नाही. जोरात ओढलं की ती फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरून खाली जाते आणि स्वर मरतो. तिच्यावर ओढ लहान ठेवायची. ती सगळ्यात पातळ आहे, तिला तेवढं पुरतं.

जाड तारांचं काम उजव्या हाताकडे. तळव्याची कड ब्रिजजवळ जाड तारांवर टेकलेली, आणि आपण जसे खाली उतरू तसा तळवा छताकडे सरकतो. सहावीवर पोचेपर्यंत डाव्या हाताचा मानेवरून आलेला अंगठाही मोकळा करावा लागतो, नाहीतर तोच तिला मुकी करतो.

२२ जून

ड्रमर आला होता. ८० वर वाजवून दाखवलं. ८० म्हणजे सेकंदाला आठ स्वर, मला वाटलं बरं चाललंय. तो म्हणाला, “तुझं सहाचं वाटतच नाही. तीन ढांगा टाकल्यासारखं वाटतं.”

त्याचं बरोबर होतं. दोन-दोन स्वर एका तारेवर असल्यामुळे हात सहाचे तीन जोड करतो: ढॅ-ड, ढॅ-ड, ढॅ-ड. पण तो त्या बारमध्ये ट्रिपलेटचा (तीन-तीनच्या गटांचा) फिल वाजवतोय. त्याचे सहा म्हणजे तीन आणि तीन.

“दादरा म्हण,” तो म्हणाला. पथकाच्या आधी तो तबला शिकलाय, परीक्षा दिलेल्या आहेत. “धा धी ना, धा ती ना. चार वेळा म्हटलास की बार संपला.”

म्हणून पाहिलं. पहिला धा पहिल्या तारेच्या आठव्या फ्रेटवर, पिकचा, ठणठणीत. चौथी मात्रा येते दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, म्हणजे पुल-ऑफवर. प्रत्येक बीटमध्ये हेच: पहिली मात्रा पिकची, चौथी ओढीची. म्हणजे जो स्वर बीटचा मधला खांब आहे, तोच माझा सगळ्यात कमजोर.

मी म्हटलं, दादऱ्यात चौथी खालीच, म्हणजे बिनजोराची, असते ना.

“चौथी खाली असते, पण असते. तुझी नसते.”

नवा सराव: मेट्रोनोम ५० वर, तोंडाने दादरा, आणि मुद्दाम चौथा स्वर सगळ्यात मोठा. तो दुसऱ्या स्वरापेक्षा वेगळा ओढायचा, जोर मनगटातून नाही, बोटाच्या मुळातून. दोन दिवस गिटार हातात न घेता नुसतं टेबलावर बोटं वाजवून म्हणतोय. घरच्यांना सवय आहे.

२८ जून

खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो होतो, डबा परत द्यायला. ते सतार वाजवतात. टेबलावर बोटं चाललेली पाहून त्यांनी विचारलं, काय रे, कसला रियाज? सांगितलं. ते हसले आणि सतार काढून कृंतन करून दाखवलं. पहिलं बोट पडद्यावर स्थिर, मधलं बोट पुढच्या पडद्यावरून तार ओढून सुटतं. मग कृंतन आणि जमजमा (दोन स्वर डाव्या हातानेच भराभर आलटून काढणं) एकत्र करून एक लांबलचक तान, जिच्यात मिजराबचा (सतारीच्या नखीचा) ठोका अगदी मोजका.

त्यांचं पहिलं बोट मी जवळून बघत होतो. त्यावर तारेची खोल काळी रेघ आहे आणि ते बोट तसूभरही हलत नव्हतं. सगळी धावपळ मधल्या बोटाची.

“तुमच्याकडे दुसऱ्या तारेवर जायची भानगड नाही ना,” मी म्हटलं.

“ही सगळी बाजाच्या तारेवर. आणि दुसऱ्या वाजल्या तर बऱ्याच, तरफा त्यासाठीच लावल्यात. तू त्यांना गप्प करत बसतोस होय?”

हो काका, दिवसभर तेच करतो.

५ जुलै

उजवा हात. इतके दिवस अल्टरनेट पिकिंग चाललं होतं, डाउन-अप-डाउन, अप-डाउन-अप. त्यात दर बीटची सुरुवात उलटी होते, एक डाउनने, पुढची अपने. ९० च्या आसपास पिक तारेत अडकायला लागलं.

कागदावर मांडलं. आपण पहिलीकडून तिसरीकडे जातो म्हणजे हात छताकडे चाललाय. अप-स्ट्रोकही छताकडेच जातो. पहिली तार अपने छेडली की पिक पहिली आणि दुसरीच्या मधल्या फटीत येऊन थांबतं, आणि दुसरी अपने छेडायला ते नेमकं तिथेच हवं असतं. मग तिसरीही तशीच. तीन तारा, एकच लांब हालचाल, कुठेही उडी नाही. उलट डाउनने पहिली छेडली तर पिक तिच्या खाली जातं आणि दुसरीसाठी पहिलीला ओलांडून परत यावं लागतं.

म्हणून बाराच्या बारा अप. किंमत एकच: तिसरीवर संपल्यावर पिक तिसरी-चौथीच्या फटीत असतं आणि पुढची बीट दुसरीपासून आहे, म्हणजे दोन तारा ओलांडून खाली उडी. पण ही उडी बीटला एकदाच, आणि तिला वेळही मिळतो. ९६ वर एक स्वर साधारण १०४ मिलिसेकंदांचा. पिक लागल्यापासून पुढच्या पिकपर्यंत त्याच्या दुप्पट, मधला स्वर डावा हात सांभाळतोय. उडी मारायला एवढं भरपूर.

पिकचं टोक जरा जमिनीकडे झुकलेलं ठेवलं की ते तारांवरून घसरत वर जातं, अडकत नाही. अपचा आवाज थोडा पातळ येतो हे खरं. मला आता ते बरंच वाटतंय, कारण पिक आणि पुल-ऑफमधला फरक आपसूक कमी झाला. डाउन-अप-अप करणारेही आहेत, बीटला ठसका येतो म्हणून. त्यात दर बीटला दोन उड्या आहेत. ज्यांना जमतं त्यांनी करावं.

१२ जुलै

पुष्कळ पाऊस. हवेतल्या दमटपणाने तारा खरखरीत झाल्यात, तिसरीला तर गंज दिसतोय. नवा सेट लावला. मानही किंचित वाकलीय, ट्रस रॉड (मानेतली सळई) पाव फेरा फिरवून सतराव्या फ्रेटवर ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) १.६ मिलिमीटरवर आणली.

अनामिका की करंगळी, हा प्रश्न उरला होता. पाचव्या ते आठव्या फ्रेटचं अंतर माझ्या साडेपंचवीस इंची स्केलवर ७७ मिलिमीटर, पाचव्या ते सातव्याचं ५३. आठव्यावर करंगळी आणि सातव्यावर अनामिका ही पुस्तकी पद्धत. पण करंगळीची ओढ माझ्याकडे अनामिकेच्या निम्मी आहे, आणि पहिल्या बीटची चौथी मात्रा दुसऱ्या तारेवर म्हणजे नेमकी आठव्यावरून सुटते. सगळीकडे अनामिकाच.

ताण जाणवत होता म्हणून हाच आकार बाराव्या फ्रेटवर नेला, ई मायनरमध्ये. तिथे तेच तीन फ्रेट जेमतेम ५२ मिलिमीटर. हात सैल पडला आणि लोटण्याची हालचाल पहिल्यांदा विचार न करता झाली. मग एकेक फ्रेट खाली: अकरा, दहा, नऊ. पाचव्यावर येईपर्यंत हाताला कळलं नाही की आपण ताणतोय.

१६ जुलै

लाइट नाही. ॲम्पशिवाय वाजवलं. इलेक्ट्रिक गिटार न जोडता वाजवली की ओढलेला स्वर खरा किती आहे ते लगेच कळतं.

२० जुलै

६० पासून चार-चारने चढवत ९६ गाठायचं, हा प्रकार सोडला. ८४ पर्यंत हात एका पद्धतीने चालतो, पुढे वेगळ्याच. सावकाश वाजवताना तर्जनी उचलली तरी चालते, मेट्रोनोम माफ करतो, मग ८८ ला तीच सवय पायात येते.

आता थेट ९६, पण एकच बीट. सहा स्वर आणि थांबा. दोन क्लिक शांतता, पुन्हा सहा. ते बसलं की सहा अधिक एक: पुढच्या बीटचा पहिला स्वर वाजवून थांबायचं. सगळा घोटाळा त्या सातव्या स्वरात आहे, कारण तिथे तर्जनी उलटी लोटते, पिक खाली उडी मारतं आणि तळवाही मागे येतो, तिन्ही एकाच वेळी. तो एक सांधा धरून बसलो. मग दोन बीट, मग तीन. तिसरी ते पाचवी तार हा मधला भाग सगळ्यात गुळगुळीत निघाला, कारण तिथे सगळं ७-५ आहे. सहावीवर पुन्हा आठवा फ्रेट येतो आणि हात एकदम ताणतो, तेवढा शेवटचा बीट अजून कच्चा.

२७ जुलै

रेकॉर्डिंग झालं, ड्रमरच्या घरी. तारा मुक्या राहाव्यात म्हणून नटजवळ (मानेच्या टोकाला तारा टेकतात तिथे) केसांचं रबर गुंडाळलं, त्याच्या बहिणीकडून मागून. सरावात मी ते लावत नाही, ते घाण लपवतं आणि बोटांना आळस लावतं. रेकॉर्डिंगला मात्र काहीही चालतं. या बारमध्ये एकही मोकळी तार नाही, त्यामुळे नुकसान शून्य.

गेन मी ठरवला होता त्याहून कमी ठेवला. फाइल उघडून बार मोठा केला: चोवीस टेकाडं मोजता येतात. बरोबरीची नाहीत. दर बीटची चौथी दुसरीपेक्षा थोडी उंच आहे. सहाव्या तारेवरचा शेवटचा ए जरा आखूड आलाय, कारण बेंडसाठी हात तिसरीकडे पळतोय. बेसवाल्याने तिथे खालचा ए धरलाय, तो झाकून जातो.

ड्रमरने ऐकलं आणि त्याच्या फिलमधला एक ठोका काढून टाकला. म्हणाला, आता तिथे जागा भरलेली आहे.

३ ऑगस्ट

गायिकेचा फोन. प्रत्यक्ष कार्यक्रमात ए मायनर तिला वर जातो, अर्धा स्वर खाली हवा. म्हणजे सगळा आकार चौथ्या फ्रेटवर, आणि चौथा ते सातवा अंतर ८२ मिलिमीटर. नको. त्यापेक्षा सगळी गिटार अर्धा स्वर खाली ट्यून करतो, बोटं पाचव्यावरच राहतील. पण तशा ट्यूनिंगला ९ चा सेट ढिला पडतो आणि ओढताना पुन्हा सरकायला लागतो, ट्यूनरवर पाहिलं. १० ची पहिली तार ई फ्लॅटला सव्वाचौदा-साडेचौदा पौंडांवर येते, म्हणजे हाताला सवय आहे त्याच्या जवळपास. १०-४६ चे दोन सेट आणायचे. सेट बदलल्यावर इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर स्वर सुरात लागतात का) पुन्हा पाहायचं, आणि शनिवारच्या सरावात चौथी मात्रा ऐकायची.